फुलोरा नसलेले रोपही गुन्ह्याच्या कक्षेत

पावसाळा सरता सरता कुंडीत लावलेल्या भांगेच्या रोपाला फुलोरा येत नाही, आणि फुलोरा नाही म्हणजे गांजा नाही, म्हणून ते गॅलरीत ठेवायला हरकत नाही, असा समज मुंबईत बराच काळ फिरत आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. या वनस्पतीचा फुलोरा मुख्यतः रोपाच्या वयावर नव्हे, तर रात्रीच्या लांबीवर अवलंबून असतो. मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तासांचा असतो आणि सप्टेंबरअखेरीपासून रात्रच मोठी होते, त्यामुळे उशिराचे रोप खुजे राहते खरे, पण फुलायचे थांबत नाही, उलट लवकर फुलते.

कायद्याचे म्हणाल तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात फुलोऱ्याची अट गांजाच्या व्याख्येत आहे, लागवडीच्या कलमात नाही. कॅनाबिस (भांग-गांजाची वनस्पती) प्रजातीचे कोणतेही रोप लागवडीच्या कलमात येते आणि परवान्याविना ते लावल्यास कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. होळीच्या भांगेचा दाखला हमखास दिला जातो. पण गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत ती फुलोऱ्याच्या शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया, झाड नव्हे.