बीएमडब्ल्यू थ्री सीरिज

म्यूनिक येथील बीएमडब्ल्यू कंपनीची १९७५ पासून निघत असलेली आटोपशीर आलिशान मोटारींची मालिका. पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती आणि दोन्ही आसांवर जवळपास समान वाटलेले वजन ही तिची ओळख. सामान्यतः तिच्या सात पिढ्या मानतात व त्या कंपनीच्या अंतर्गत संकेतांनी (ई२१, ई३०, ई३६, ई४६, ई९०, एफ३०, जी२०) ओळखल्या जातात.

मालिकेचा आरंभ कोठे धरावा, याबाबत मतभेद आहेत. नावापुरते पाहिल्यास १९७५ हे वर्ष निर्विवाद आहे. तथापि ई२१चा सांगाडा व यंत्ररचना १९६६ मध्ये जिनीव्हा येथे मांडलेल्या दोन दारांच्या १६००-२ या मोटारीतून आणि तिच्यामार्फत १९६२च्या ‘नॉय क्लासं’ (नवा वर्ग) या मोटारींच्या गटातील १५०० या प्रतिमानातून आलेली दिसते. याच वंशातील २००२ (१९६८) या मोटारीचे श्रेयही वादग्रस्त आहे. एका मतानुसार अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या मागणीवरून ती निघाली. कारण जोड कार्ब्युरेटरची १६०० टीआय तेथील धूर-नियमांत बसत नव्हती. दुसरे मत असे, की इंजिनाचे अभिकल्पक आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन व नियोजन विभागाचे हेल्मुट व्हेर्नर ब्यॉन्श यांनी परस्परांना नकळत आपापल्या १६००मध्ये दोन लिटरचे इंजिन बसवून घेतले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हॉफमन यांच्या मागणीने आधीच मनात असलेल्या कल्पनेला बाजार मिळाला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अभिकल्पक पॉल ब्राक यांच्या देखरेखीखाली आकार घेतलेल्या ई२१मध्ये रॅक-पिनियन (दातेरी पट्टी व चक्र यांवर चालणारे) स्टिअरिंग व चालकाकडे वळवलेला डॅशबोर्ड या नव्या गोष्टी होत्या. मागचे सस्पेन्शन मात्र १९६२चेच, म्हणजे सेमी-ट्रेलिंग आर्म (चाक धरणारी, मागे जाणारी भुजा) पद्धतीचे, राहिले. या रचनेत आर्मच्या बिजागरीचा अक्ष तिरपा असतो. त्यामुळे चाक वरखाली होताना त्याचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा कल) व टो (वरून पाहता आत किंवा बाहेर वळलेला कोन) दोन्ही बदलतात. वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की मोटारीचा मागचा भाग उचलला जातो, टो बदलतो आणि शेपूट बाहेर सरकू लागते. ई३०मध्ये (१९८२) अक्षाचा कोन कमी करून हा दोष सौम्य केला. तो मुळातून गेला नाही. ई३६ (१९९०) मध्ये, झेड१ या रोडस्टरवर (दोन आसनी उघड्या मोटारीवर) आधी वापरलेली बहुदुवी (मल्टिलिंक, म्हणजे चाक अनेक दांड्यांनी धरणारी) रचना आली. यंत्ररचनेच्या दृष्टीने मालिकेतील खरी फारकत १९७५ची नसून १९९०ची होय. तरीही ई३६च्याच आखूड ‘कॉम्पॅक्ट’ आवृत्तीत जुनी रचना चालू राहिली, हे पिढ्यांच्या ठोकळ विभागणीत सहसा नजरेआड होते.

ई३० पिढीत मालिकेचा विस्तार झाला : चार दारे, डिझेल, चारही चाकांना गती (३२५आयएक्स) व टूरिंग ही स्टेशन वॅगन. याच पिढीत ग्रुप ए (उत्पादनातील मोटारींवर आधारलेल्या शर्यतींचा गट) या स्पर्धांच्या नियमांसाठी एम३ ही शर्यतीची आवृत्ती जन्मली. तिच्या २·३ लिटर इंजिनाचा ठोकळा फाल्केनहाउझेन यांच्या १९६२च्या इंजिनावरूनच घेतलेला होता.

ई४६ (१९९८) हा पूर्वीच्या रचनेचा परिपक्व टप्पा होता. ई९० (२००५) पासून सेडान, वॅगन, कूपे (दोन दारांची मोटार) व परिवर्त्य (छत उघडता येणारी मोटार) यांना वेगवेगळे संकेत मिळाले. एफ३० (२०११) मध्ये सर्व इंजिने टर्बोयुक्त व स्टिअरिंग विद्युत्-साहाय्यित झाले. कूपे आणि परिवर्त्य पुढे ‘फोर सीरिज’ या नावाने वेगळ्या झाल्या. जी२० ही २०१८ मध्ये पॅरिस येथे प्रथम दाखवण्यात आली.

भारतात २००७ पासून चेन्नईजवळच्या कारखान्यात या मालिकेची जुळणी होते. येथे २०२१ मध्ये लांब चाकांतराची (पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर जास्त असलेली) ‘ग्रॅन लिमोझिन’ विक्रीस आली. ई२१चे चाकांतर २,५६३ मिमी. होते, जी२०चे २,८५१ मिमी. व ग्रॅन लिमोझिनचे २,९६१ मिमी. आहे.