मागून पडणारा विळखा आणि त्याची तोड

प्रत्येक डावाला तोड असते, असं कुस्तीत मानतात. मागून धरलं तर काय करायचं, याचं बहुतेक शिक्षण याच समजुतीवर उभं आहे: अमुक पकड, तमुक तोड. अडचण अशी की मागून धरण्याची विद्या जमा झाली ती धरणाऱ्याच्या बाजूने. धरल्या गेलेल्याचा धडा बऱ्याचदा मागाहून जोडला गेला आणि तो जोड आजही दिसतो.

ही विद्या फार जुनी. इजिप्तमधल्या बेनी हसनच्या थडग्यांत सुमारे ४,००० वर्षांपूर्वी रंगवलेल्या मल्लांच्या शेकडो जोड्या आहेत, त्यांत कंबरेला मागून घातलेली मिठीही आहे. ऑलिंपियात इसवी सनपूर्व ५६४ मध्ये गळा आवळला जात असलेल्या एका मल्लाने प्रतिस्पर्ध्याच्या पायाचा सांधा असा पिरगाळला की त्याने हार मानली. मात्र तोवर पिरगाळणाऱ्याचा जीव गेला होता. विजेता म्हणून मुकुट प्रेताला मिळाला. "बोट मोडा, सुटाल" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही गोष्ट पूर्ण सांगावी.

आजच्या अर्थाने स्वसंरक्षणाचे वर्ग सुरू झाले ते लंडनमध्ये, विसाव्या शतकाच्या तोंडावर. जपानहून परतलेल्या एका अभियंत्याने १८९९ च्या सुमारास जुजुत्सू (पकडींची जपानी युद्धकला), बॉक्सिंग आणि काठी यांची मिसळ करून आपल्या क्लबात सभ्य गृहस्थांना शिकवायला घेतली. १९०२ पर्यंत तो क्लब बंदही पडला. पण त्याच शहरात थोड्याच वर्षांत मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी जुजुत्सू उचललं. त्यांना शिकवणारी बाई पाच फुटांहूनही कमी उंचीची होती. १९१० च्या नोव्हेंबरात संसदेसमोर पोलिसांनी तासन् तास केलेली धक्काबुक्की आणि १९१३ चा, उपोषणामुळे सोडलेल्या कैद्यांना पुन्हा पकडण्याची मुभा देणारा कायदा यांतून सुमारे ३० जणींचं संरक्षक पथक उभं राहिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक टप्पा. कोण धरणार, कशासाठी धरणार आणि धरून कुठे नेणार हे शिकणाऱ्यांना नेमकं माहीत होतं. पुढच्या काळात ही स्पष्टता हरवली.

ती हरवली युद्धात. शांघायच्या पोलीस दलात वर्षानुवर्षं काढलेल्या एका अधिकाऱ्याने १९४२ मध्ये सैनिकांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात मागच्या मिठीतून सुटण्याचे प्रकार आहेत: हात मोकळे असतील तर असं, हात अडकले असतील तर तसं. त्याच पुस्तकात पहारेकऱ्याला मागून गाठून गप्प कसं करायचं, हाही धडा आहे. नंतरच्या नागरी वर्गांनी पहिला भाग घेतला, तक्त्यासकट. हात मोकळे की अडकलेले, ही विभागणी अजून तशीच शिकवतात. टोकियोत १९५६ मध्ये ठरलेल्या ज्युदोच्या स्वसंरक्षण-काताचा, म्हणजे ठरीव डावांच्या क्रमाचा, साचाही असाच आहे. २१ पैकी १२ डाव निःशस्त्र हल्ल्याविरुद्ध, त्यांतले पहिले सात पकडींचे आणि सातांतल्या तीन पकडी मागून: कॉलर, गळा, मिठी.

या तिघांतला गळा वेगळा काढावा लागतो, कारण इथे शब्दानेच घोळ घातला आहे. आपण सरसकट "गळा दाबला" म्हणतो, इंग्रजीवाले सरसकट "चोक". ज्युदोत शब्द आहे शिमे, म्हणजे आवळणं. दाबणं आणि आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाताचं हाड आडवं श्वासनलिकेवर आलं तर श्वास कोंडतो, वेदना भयंकर होते, नलिकेला कायमची इजा होऊ शकते, पण शुद्ध जायला वेळ लागतो. कोपराचा बेचका नलिकेसमोर येऊन दंड आणि पुढचा हात मानेच्या दोन्ही बाजूंना बसले, तर श्वास चालूच राहतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. १९४३ मध्ये निरोगी तरुणांच्या मानेभोवती हवेचा पट्टा फुगवून केलेल्या प्रयोगांत शुद्ध हरपायला सरासरी सात सेकंदांच्या आसपास लागले.

आता नेहमीचा सल्ला पाहा: हनुवटी बेचक्याकडे वळवा, श्वासाला जागा मिळते. मिळते खरी. पण त्याने पहिल्या प्रकारची पकड दुसऱ्या प्रकारची होऊन बसते. कमी दुखणारी आणि जास्त वेगवान. दोन्ही हातांनी हल्लेखोराचं मनगट खाली खेचत राहिलात तरच वळवलेल्या हनुवटीचा उपयोग. हे अर्धं वाक्य कितीतरी तक्त्यांतून गळालेलं आहे.

या फरकाची सगळ्यात मोठी परीक्षा वर्गात नाही, लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर झाली. तिथल्या पोलिसांना दोन्ही पकडी शिकवल्या जात: आडव्या हाताची आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची. १९७६ मध्ये गाडीचा दिवा बंद असल्यावरून अडवलेल्या एका माणसाचा गळा असाच धरला गेला आणि त्याने दावा लावला. १९७५ पासून १६ मृत्यू झाले होते, मेलेल्यांत १२ कृष्णवर्णीय पुरुष. मे १९८२ मध्ये शहराने आडव्या हाताची पकड थांबवली, तर रक्तवाहिन्यांच्या पकडीवर, जीवघेण्या बळाचा प्रसंग वगळता, सहा महिन्यांची तात्पुरती बंदी घातली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की या माणसाचा गळा पुन्हा धरला जाईल असं दिसत नाही, म्हणून मनाई हुकूम मागण्याचा त्याला अधिकार नाही. पकड योग्य की अयोग्य, यावर निर्णय झालाच नाही.

एक पकड वाईट, दुसरी बरी, ही वाटणी कागदावर नेटकी दिसते. धरलेला माणूस मात्र कागदावर नसतो. तो वळतो, घसरतो, हवेसाठी धडपडतो आणि बेचका सरकून हाड नलिकेवर येतं. ती धडपड मागच्याला प्रतिकार वाटते, मग तो आणखी आवळतो. बंदीच्या बाजूचा माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये गळ्याच्या पकडींना मनाई केली, तरी २०१४ मध्ये तिथेच एक माणूस अशा पकडीनंतर मेला. कॅलिफोर्नियाने रक्तवाहिन्यांची पकडही कायद्याने बंद केली ती २०२० मध्ये.

१९९३ च्याच नोव्हेंबरात डेन्व्हरला आठ जणांची बिननियमांसारखी स्पर्धा झाली. सुमारे ८० किलोच्या एका ब्राझिलियन मल्लाने उपान्त्य आणि अंतिम फेरीत शंभर किलोच्या आसपासच्या प्रतिस्पर्ध्यांना मागून गळा आवळून हार मानायला लावली. तेव्हापासून पाठ मिळवणं हेच लक्ष्य मानणारी आणि त्याला सर्वोच्च गुण देणारी ब्राझिलियन जुजुत्सू सर्वत्र पोहोचली. तिने एक कटू गोष्ट उघड केली: कसलेला माणूस पाठीला नीट चिकटला की एका झटक्यातली तोड नसते. आधी हातांशी झटापट, मग कंबर खाली आणि बाजूला, मग वळून समोरासमोर. आवळणारा हात गळ्याखाली जाण्याआधीचे दोन सेकंद सर्वांत मोलाचे.

साध्या मिठीचं मात्र इतकं अवघड नाही. बूड खाली टाकून पाय फाकवले की उचलून नेणं कठीण होतं. उचललंच तर त्याच्या पायात आपला पाय अडकवता येतो. २००० सालच्या एका विनोदी हॉलिवूड चित्रपटाने मात्र पोट, पाऊल, नाक, जांघ असा चार ठोशांचा क्रम घरोघरी पोहोचवला आणि प्रेक्षकांना मिठी तीन सेकंदांत सुटते असं वाटू लागलं. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकातच गाद्या बांधलेल्या "हल्लेखोरावर" पूर्ण ताकदीने सराव सुरू झाला होता, तो याच भ्रमावरचा उतारा. तिथे पहिला ठोसा चुकतोच.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तीन-तीन तासांची चार सत्रं घेतलेल्या गटात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के, दुसऱ्या गटात ९.८ टक्के. अंगाने करायचा बचाव त्या अभ्यासक्रमाचा एक भाग होता. बाकी वेळ गेला ओळखीचा माणूस मर्यादा ओलांडतोय हे वेळेत ओळखण्यात आणि त्याला मोठ्याने नाही म्हणण्यात. असा माणूस सहसा समोरच बसलेला असतो.