ट्रॅमाडॉल चालू आहे आणि स्पर्धा तोंडावर आहे, टीयूईचा (बंदी असलेलं औषध उपचारासाठी घ्यायच्या परवानगीचा) अर्ज कसा करायचा

पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी अल्ट्रासेट दिली असेल तर आधी स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा, त्यात पॅरासिटामॉलसोबत ट्रॅमाडॉल असतं आणि ते 1 जानेवारी 2024 पासून वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) यादीत स्पर्धेच्या काळापुरतं बंद आहे. हा काळ साधारण आदल्या रात्री 11:59 ला सुरू होतो आणि मॅच संपून सॅम्पल देईपर्यंत चालतो. नुसतं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक चालतं, त्यासाठी उगाच फॉर्म भरत बसू नका.

डोप टेस्टच्या लॅबमध्ये युरिनच्या बाटलीवर नाव नसतं, फक्त कोड नंबर. मशीन एकामागून एक सॅम्पल आपोआप ओढून घेतं आणि ट्रॅमाडॉल तर शोधतंच, शिवाय लिव्हरमध्ये त्याचं जे ओ-डेसमिथाइलट्रॅमाडॉल बनतं तेही शोधतं, स्क्रीनिंगमध्ये काही दिसलं की ए सॅम्पलमधूनच (युरिनच्या दोन बाटल्यांपैकी पहिलीतून) परत थोडं घेऊन कन्फर्मेशन करतात. गोळी दुखण्यासाठी घेतली की आणखी कशासाठी हे त्यात कळायचा प्रश्नच नाही, ते टीयूईचे कागद सांगणार.

नॅशनल लेव्हलचा खेळाडू असाल तर अर्ज नाडाकडे (भारताच्या डोपिंगविरोधी संस्थेकडे), इंटरनॅशनल लेव्हलला असाल तर तुमच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनकडे, आणि स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी. पूर्ण अर्ज पोचल्यावर निर्णयाला साधारण 21 दिवस धरतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही.

टीयूई मिळायला चार अटी आहेत: आजाराचं निदान पक्कं हवं, औषधाने तब्येत नॉर्मल होण्यापलीकडे खेळात फायदा व्हायला नको, दुसरा चालणारा उपाय नको आणि हे दुखणं आधी घेतलेल्या बंद औषधामुळे आलेलं नको. बहुतेकांचं अडतं ते तिसऱ्या अटीवर. डॉक्टरांच्या पत्रात 'पेशंटला गरज आहे' एवढंच लिहून भागत नाही, आधी कोणत्या गोळ्या, फिजिओ वगैरे करून पाहिलं आणि फरक का पडला नाही ते सविस्तर हवं. सोबत एमआरआय किंवा एक्स-रेचा रिपोर्ट, जुने केसपेपर, डोस, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि फॉर्मवर डॉक्टरांची सही. अक्षर वाचता येईल असं लिहून घ्या बाबा! ट्रॅमाडॉल 2018 पासून एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली आहे, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळीला जोडायला तुमच्याकडे कागदच नसणार.

सॅम्पल देताना फॉर्मवर गेल्या 7 दिवसांतली औषधं लिहायची असतात ती लिहाच, पण तिथे लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. इमर्जन्सीत औषध द्यावं लागलं असेल तर मागाहून अर्ज करता येतो, तेव्हा हॉस्पिटलचे डिस्चार्ज पेपर जपून ठेवा. आणि मंजुरी आली तरी त्यावरची मुदत आणि डोस बघा, मध्येच डोस बराच वाढवला तर परत नवा अर्ज लागतो.