सारवलेलं अंगण आणि विरून जाणारा कोपरा

अकरावीचे डेरिव्हेटिव्ह (अवकलन, म्हणजे एखादी राशी कोणत्या वेगाने बदलते ते काढणं) सुरू झाले की ओळखीची मुलं वह्या घेऊन माझ्याकडे येतात आणि एक चूक दरवर्षी भेटते. परवा आलेल्या मुलीला ‘क्षचा वर्ग गुणिले साइन क्ष’ याचं डेरिव्हेटिव्ह काढायचं होतं. वर्गाचं २क्ष, साइनचं कॉस. तिने दोघांचा गुणाकार करून टाकला. का चुकलं, असं विचारल्यावर क्लासमध्ये तिला ‘प्रॉडक्ट रूल पाठ कर’ (गुणाकाराच्या अवकलनाचा नियम) एवढंच सांगितलं होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अवकलनाचा सगळा जीव या चुकीतच आहे.

बेरजेत प्रत्येक पदाचं अवकलन वेगळं केलं तरी चालतं. मग गुणाकारातही चालेल, असं वाटणारच. कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) जनकांपैकी एक, खुद्द लायब्निट्सने ११ नोव्हेंबर १६७५ च्या टिपणात हा प्रश्न स्वतःला विचारला होता आणि तपासून पाहिल्यावरच ‘नाही’ असं ठरवलं.

समजा, अंगण सारवायला घेतलंय. या क्षणी सारवलेला आयत १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे. लांबी तासाला २ मीटरने वाढतेय, रुंदी ३ मीटरने. क्षेत्रफळ कोणत्या वेगाने वाढतंय? त्या मुलीच्या रीतीने २ × ३, म्हणजे तासाला ६ चौरस मीटर. आता ६ मिनिटं, म्हणजे ०.१ तास जाऊ द्या. नवीन सारवण तीन तुकड्यांत पडतं: लांबीकडची पट्टी ०.२ × ६ = १.२, रुंदीकडची पट्टी १० × ०.३ = ३, आणि पट्ट्यांच्या बेचक्यातला कोपरा ०.२ × ०.३ = ०.०६. एकूण ४.२६, वेळेने भागलं की वेग ४२.६. वेळ ०.०१ तास घेतली तर ४२.०६, ०.००१ घेतली तर ४२.००६.

वेळ दहापट कमी केली की पट्ट्या दहापट बारीक होतात; कोपरा मात्र दोन्ही बाजूंनी आखडतो, म्हणून शंभरपट. वेळेने भागल्यावर पट्ट्यांचे १२ आणि ३० जागच्या जागी राहतात, कोपरा विरत जातो. उत्तर ४२. आणि ते चुकीचं ६? तेही इथेच आहे! कोपऱ्याचं क्षेत्रफळ म्हणजे ६ गुणिले वेळेचा वर्ग. जो तुकडा विरणार तोच तिने जपला आणि दोन्ही पट्ट्या टाकून दिल्या.

‘आधी वेळेने भागता, म्हणजे ती शून्य नाही, मग तीच शून्य धरून कोपरा कसा टाकता?’ अशी हरकत १७३४ मध्ये तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कलीने घेतली होती, आणि ती रास्त होती. पक्कं उत्तर एकोणिसाव्या शतकात कोशी आणि वायरस्ट्रास या गणितज्ञांच्या कामातून मिळालं: वेळ शून्य धरायचीच नाही. ४२ पासून किती जवळ हवं ते तुम्ही सांगा, समजा ०.००१, मी वेळ ०.००१ भागिले ६ पेक्षा कमी घेतो. तुम्ही कितीही लहान आकडा सांगितलात तरी माझ्याकडे त्याला पुरेशी लहान वेळ असते. लिमिट म्हणतात ते हेच.

साइनच्या बदलात कोसाइन (कॉस) येतो, हे भास्कराचार्यांना ठाऊक होतं. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांची तात्कालिक गती (त्या क्षणाची गती) त्यांनी त्याच आधारावर काढली. एवढं मोठं काम समोर असताना ‘वेदांतल्या सूत्रांनी चार सेकंदांत डेरिव्हेटिव्ह’ अशा जाहिरातींना भुलायचं कारण नाही. ती सूत्रं उपलब्ध वेदग्रंथांत सापडत नाहीत. आणि भास्कराचार्यांकडे सबंध कलनशास्त्र होतं, हेही खरं नाही. कुठल्याही फलनाला (फंक्शनला) लागू पडेल अशी रीत त्यांनी दिलेली नाही.

नियमाबद्दल शंका आली की तो क्ष × क्ष वर लावून बघावा. नुसत्या गुणाकाराने १ × १ = १ येतं, यायला हवं २क्ष. उत्तराबद्दल शंका असेल तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) ठेवावा. त्या मुलीने क्ष = १ घेतलं. तिच्या जुन्या उत्तराने १.०८१ आलं, दोन पट्ट्यांच्या (एकाचा बदल गुणिले दुसरा, अशा दोन्हींची बेरीज) ‘२क्ष साइन क्ष अधिक क्षवर्ग कॉस क्ष’ने २.२२३. मग १.००१ आणि १ इथल्या किमतींची वजाबाकी करून ०.००१ ने भागलं: २.२२५. ‘अजून थोडं जवळ जाऊन बघू?’ म्हणत तिने लगेच १.०००१ टाकलं. २.२२३४.