दोन सेकंदांची मुदत: गेम खेळताना संगणक कोसळण्यामागचा इतिहास

गेम रंगात आला असताना संगणक कोसळला की पहिला सल्ला ठरलेला: 'ग्राफिक्स ड्रायव्हर (म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) काढून नव्याने टाका.' सल्ला वाईट नाही. पण तो एवढा सर्वतोमुखी कसा झाला, याचं उत्तर बरंचसं विंडोज व्हिस्टात सापडतं.

त्याआधी, विंडोजपूर्व डॉसच्या दिवसांत ६४० केबी मेमरीत जागा काढायची आणि साउंड कार्डाचा आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधण्याच्या वाटेचा क्रमांक) जुळवायचा, एवढ्यावर बहुतेक गेम मार्गी लागत. विंडोज एक्सपीत (२००१) सिस्टिम कोसळल्याची निळी स्क्रीन आली की संगणक आपणहून रीस्टार्ट होई. ही सोय मुळातच चालू असायची. त्यामुळे स्क्रीनवरचा चुकीचा कोड वाचायच्या आत नाहीसा होई आणि दोष ड्रायव्हरचा की संगणकाला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचा, हे कळायला मार्ग उरत नसे.

२००७ मध्ये व्हिस्टा सर्वांच्या हाती आला. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना बदलली आणि टीडीआर (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) नावाची राखण बसली. ग्राफिक्स चिपला हातातलं काम बाजूला ठेवायला सांगूनही तिने दोन सेकंदांत ते सोडलं नाही, तर ती अडकली असं धरून सिस्टिम तिला रीसेट करते. स्क्रीन क्षणभर काळी होते, डेस्कटॉप परततो, आणि सूचना येते की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. गेम मात्र बहुधा गेलेला असतो. मिनिटभरात असं वारंवार घडलं तर निळी स्क्रीन येतेच.

वाद झाला तो या दोन सेकंदांवरून. विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीत 'टीडीआर डिले' ही मुदत वाढवून आठ किंवा दहा करण्याचा उपाय घरोघरी पोचला. थ्रीडी रेंडरिंग किंवा मोठी आकडेमोड करणाऱ्यांची तक्रार रास्त होती, कारण त्यांचं एकेक काम खरोखरच लांबतं. गेमचं तसं नाही. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद. दोन सेकंदांत १२० फ्रेम व्हायला हव्यात. तेवढ्यात एकही झाली नाही, तर आणखी आठ सेकंद थांबून काय मिळणार? गोठलेली स्क्रीन जास्त वेळ बघायला मिळते, इतकंच. मुदत ठीकच होती. चुकलं ते सूचनेचं शब्दांकन. चिप तापलेली असो, ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) जास्त झालेलं असो, व्हिडिओ मेमरी खराब असो की व्होल्टेज अपुरं, नाव मात्र ड्रायव्हरचं. चोर सोडून संन्याशाला सुळी!

विंडोजच्या घटना-नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीचंही असंच. ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. पण नावात 'पॉवर' आहे म्हणून कितीतरी धडधाकट पॉवर सप्लाय बदलले गेले.

पुढे पॉवर सप्लायवर खरोखरच संशय घ्यायची वेळ आली, हा भाग निराळा. २०२० नंतरची मोठी ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी नेहमीपेक्षा खूपच जास्त वीज ओढू लागली, आणि पुरेशा वॅटचे पॉवर सप्लायही संरक्षण म्हणून बंद पडू लागले. पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात, १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार पेलण्याची अट आली ती यामुळेच.

सगळ्यात मोठी दिशाभूल मात्र त्यानंतरची. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम सुरू होतानाच 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येई, तोही भरपूर मेमरीच्या कार्डांवर. लोकांनी पुन्हा ड्रायव्हर बदलले. प्रत्यक्षात शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) उलगडताना प्रोसेसरच चुकत होता. आधी बोट मदरबोर्डांच्या सैल वीजमर्यादांकडे दाखवलं गेलं. मग इंटेलनेच मान्य केलं की तिचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला नियंत्रक कोड) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ पासून बायॉसमधून (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) दुरुस्त मायक्रोकोड मिळू लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. मात्र ज्या चिपची आधीच झीज झाली होती, ती या दुरुस्तीने बरी होत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते.