बिस्साप

लाल अंबाडीच्या बोंडांपासून केलेले पश्चिम आफ्रिकेतील थंड पेय. सेनेगलमध्ये ते घरोघरी करतात आणि रस्तोरस्ती विकतात. ‘बिस्साप’ हा वोलोफ भाषेतला शब्द असून झाडालाही तेच नाव आहे. डाकारमध्ये हे पेय पहिल्यांदा पिणाऱ्या मराठी माणसाला रंग नवा वाटतो, पण चव पटकन ओळखू येते. अंबाडीच्या भाजीतला तोच आंबटपणा, फक्त इथे साखरेत मुरलेला.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस सब्दारिफा. जास्वंद, भेंडी आणि कापूस हे तिचे सगेसोयरे. बिस्सापला सर्रास ‘फुलांचे सरबत’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. फूल गळून पडल्यावर त्याच्या बुडाशी असलेल्या निदलांचा पेला मांसल होऊन फुगतो आणि गर्द लाल होतो. पेयात पडतो तो हा पेला. सेनेगलमध्ये पावसाळ्यात भुईमूग आणि बाजरीच्या शेतांच्या कडेने अंबाडी लावतात. पाऊस सरला की बोंडे खुडायची, आतली बियांची बोंडी काढून टाकायची आणि लाल पाकळ्यांसारखे राहिलेले भाग उन्हात वाळवायचे. हे सारे हाताने होते आणि त्यातले बरेच काम बायका करतात. ‘व्हिम्टो’ नावाचा वाण त्याच्या गडद रंगासाठी प्रसिद्ध आहे.

घरची कृती सोपी. वाळलेली बोंडे धुऊन त्यांतली रेती घालवतात, मग पाण्यात उकळतात किंवा नुसतीच काही तास भिजत ठेवतात. गाळून त्यात साखर घालतात, आणि ती हात राखून नव्हे. पुदिन्याची पाने हवीतच. कुणी व्हॅनिला घालते, कुणी संत्र्याच्या फुलांचे पाणी. अगदी गार करून पितात. पाहुण्यापुढे ठेवायला आणि रमजानमध्ये रोजा सोडताना बिस्साप असतेच. रस्त्यावर ते जुन्या बाटल्यांत भरलेले किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत गोठवलेले मिळते. पिशवीचा कोपरा दाताने तोडायचा आणि बर्फ विरघळेल तसे चोखत राहायचे. शेजारी बहुधा पांढरट ‘बुय’ही असते, म्हणजे बाओबाबच्या फळाचे दाट सरबत. हा बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच.

लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. आम्लात तो लाल राहतो, अल्कलीत निळसर होतो. म्हणून सदऱ्यावर पडलेल्या डागाला साबण लावला की तो जाण्याऐवजी आधी निळा-जांभळा पडतो. तेव्हा घाबरू नये, भरपूर पाण्याने धुवावे. या बोंडांच्या काढ्याने रक्तदाब काहीसा उतरतो असे काही चाचण्यांत दिसले आहे, पण रस्त्यावरच्या बिस्सापमधली साखर पाहता ते औषध म्हणून पिऊ नये. प्रवाशाने मात्र एक विचारून घ्यावेच: पाणी उकळलेले आहे का, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा? भिजवून केलेल्या बिस्सापला आच लागलेली नसते.

हेच पेय नायजेरियात ‘झोबो’ होते आणि त्यात आले-लवंग पडते. घानात ते ‘सोबोलो’, तर सुदान आणि इजिप्तमध्ये ‘करकदे’. तिकडे ते गरमही पितात. सुदानच्या कोर्दोफान भागातली बोंडे युरोपातल्या फळांच्या चहात जातात. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकी माणसांबरोबर ही वनस्पतीही अटलांटिकपार गेली. जमैकात तिचे ‘सॉरेल’ नाताळात पितात, आणि मेक्सिकोत ती ‘हामाइका’ झाली. माणसांना बेड्या घालून नेणाऱ्यांना त्यांची चव मात्र हिरावून घेता आली नाही.

महाराष्ट्रात अंबाडी म्हटले की आधी आठवते ती पालेभाजी: कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची चुरचुरीत फोडणी, सोबत भाकरी. बोंडांची चटणी आणि सरबतही आपल्याकडे करतात, पण त्यांना भाजीचा मान नाही. सेनेगलमध्ये बोंडांना मान मोठा, तरी पाला वाया जात नाही. चेबु-जेन हा तिथला मासे-भाताचा पदार्थ, 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलेला. त्याच्या मोठ्या थाळ्यात भाताच्या कडेला हिरव्या आंबट लगद्याचा एक गोळा ठेवतात. तो शिजवून घोटलेल्या अंबाडीच्या पानांचा असतो.