दाराची कडी ते मोबाईलची रिंग : सोलापुरातल्या इंटरकॉमची पार्श्वभूमी

जुन्या सोलापुरातल्या वाड्यात दिंडीची कडी वाजायची, आतून "कोण आहे?" असं विचारलं जायचं आणि आवाज ओळखीचा असला की अडसर निघायचा. हाक, ओळख आणि उघडणं ही तिन्ही कामं यंत्राकडे सोपवण्याची पहिली पूर्ण कल्पना मांडली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने. पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, खोलीत टीव्ही, दुतर्फा बोलणं आणि बटणाने उघडणारं कुलूप. आजच्या इंटरकॉमच्या मोबाईल ॲपमध्ये याहून नवं फार थोडं आहे. बदलली ती सिग्नलची वाट.

पुढे रुळला तो चार तारांचा व्हिडिओ डोअर फोन: वीज, कॉमन (सगळ्यांची सामाईक परतीची तार), आवाज आणि चित्र. कुलपाला आणखी दोन तारा. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या बंगल्यांत फाटकापासून हॉलपर्यंत वायर सहज ३० मीटर जाते, आणि अनेक ठिकाणी घोटाळा इथेच झालेला असतो. १ अँपिअर घेणारं १२ व्होल्टचं कुलूप अर्धा चौरस मिमी तांब्याच्या वायरवर जोडलं, तर जाऊन-येऊन ६० मीटरमध्ये सुमारे २ व्होल्ट पडतात. कुलूप कुरकुरत का होईना, उघडतं. तिथेच अर्धा मिमी व्यासाची टेलिफोन वायर असेल तर कुलपाशी साडेआठ व्होल्टही पोचत नाहीत. नुसतं 'टक्' होतं, दार तसंच. त्याच अडॅप्टरवर कॅमेरा असला तर तो रीस्टार्ट होतो. कुलपाला वेगळा अडॅप्टर द्यावा, हे शहाणपण त्या काळातलं आहे आणि अजून जुनं झालेलं नाही.

इंटरनेटची वाट तुकड्यातुकड्यांनी तयार झाली. इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या एसआयपीचं आज वापरात असलेलं रूप २००२ चं. नेटवर्क केबलमधूनच वीज देणारं पीओई २००३ मध्ये प्रमाणित झालं: स्विचकडून १५.४ वॅट, यंत्रापाशी १२.९५, अंतर १०० मीटर. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलवर हे गणित बिघडतं. घरगुती लाट मात्र जेमी सिमिनॉफ यांच्या २०१३ च्या डोअरबॉट या मोबाईलवर चित्र दाखवणाऱ्या डोअरबेलपासून आली. २०१४ मध्ये त्याचं नाव रिंग झालं आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने कंपनी घेतली. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला, तेव्हा दारावरचं चित्र मोबाईलवर पाहणं परवडू लागलं.

अमेरिकी डोअरबेल तिथल्या घरांसाठी बनलेली. तिथे बेलला ट्रान्सफॉर्मरमधून १६ ते २४ व्होल्ट एसी येतात. आपल्या बेलला थेट २३० व्होल्ट. जुनी बेल काढून त्याच तारांवर नवी लावली की ती जळणारच. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा, नाहीतर बॅटरीवरचं मॉडेल घ्यावं. पण लिथियम सेल ४५ अंशांपुढे चार्ज करू नयेत असा दंडक आहे. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच चाळिशी पार होते, मग पश्चिमेकडच्या खांबावरच्या काळ्या डब्यात काय होत असेल? वर छज्जा तरी असावा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांची अडचण निराळी: मागांच्या खडखडाटात बेल ऐकूच येत नाही. तिथे एका बटणावर मालक, मुकादम आणि ऑफिस असे तिन्ही फोन वाजवणारी एसआयपीची सोय खरी कामाला येते. शिवाय खिशातला फोन थरथरतो.

एक चूक चार तारांच्या काळापासून तशीच चालत आली आहे: कुलपाचा रिले, म्हणजे सिग्नल मिळताच कुलपाची वीज जोडणारा स्विच, बाहेरच्या डब्यात ठेवणं. डबा उचकटून आतल्या दोन तारा जोडल्या की दार उघडतं, पासवर्ड कितीही अवघड असो. रिले घराच्या आत बसवून बाहेर फक्त सिग्नलची तार न्यावी.